ठकू आत्याची पाच कडवी

भवानीनगरची ती चाळ सोडून मला आता इतकी वर्षं झाली, तरी गाळपाचे दिवस आले की पहाटे कान आपोआप भोंग्याकडं लागतात. भोंगा इथं बारामतीत ऐकू येत नाही, येण्याचं कारणही नाही. पण लहानपण ज्या आवाजात गेलं तो आवाज अंगात राहतो. साखर कारखान्याच्या कामगारांसाठी बांधलेल्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या, पुढं पत्र्याची पडवी. हंगामात रात्रंदिवस गिरणीची घरघर चालायची आणि तिची इतकी सवय झालेली असायची की हंगाम संपून ती थांबली की पहिले दोन दिवस आम्हाला झोप लागायची नाही. मळीचा आंबूस वास भिंतींना, अंथरुणांना, आईच्या केसांनाही असायचा. वाळत घातलेल्या कपड्यांवर धुराड्यातली काजळी बारीक बारीक पडायची आणि आई ती झटकत कारखान्याला रोज तेच तेच शब्द ऐकवायची. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, कारखान्यात वायरमन होते. फार बोलायचे नाहीत. घरात बुद्धाची एक तसबीर होती आणि तिच्यावर दादांनी बारक्या दिव्यांची अशी माळ सोडली होती की दिवे दिसायचे नाहीत, नुसता उजेड दिसायचा. चाळीतले लोक जयंतीच्या दिवशी मुद्दाम ती बघायला यायचे.

शनिवार हा आमच्या घरी माशांचा दिवस, कारण शनिवारी ठकू आत्या यायची. ही दादांची थोरली बहीण. तिचं सासर भीमेच्या काठी होतं. उजनीचं धरण झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. गावातली माणसं तीन ठिकाणी पांगली. आत्याचा नवरा पुढं दोनच वर्षांत वारला, आणि ती भिगवणला एक खोली घेऊन मासळी विकायला लागली. ज्या पाण्यानं घर नेलं त्याच पाण्यातली मासळी ती विकत होती. हे तिला कुणी बोलून दाखवलं तर ती म्हणायची, पाण्यानं घर नेलं, मासळीनं न्हाय. शनिवारचा बाजार आटोपला की उरलेली चिलापी ओल्या पोत्यात गुंडाळून, पाटी मांडीवर घेऊन, माणसं कोंबलेल्या वडापच्या जीपमधून ती आमच्याकडं यायची. धुण्याच्या दगडाशी बसून मासे साफ करताना तिची बोटं खवल्यांनी चमकायची आणि ती एक गाणं म्हणायची. पाण्यात बुडालेल्या घरातली बाई मासोळीला सांगते, की बाई, माझ्या घरात हळू ये. तीन कडवी होती. आम्ही पोरं ते इतकं ऐकायचो की ते ऐकू येईनासंच झालं होतं, गिरणीच्या घरघरीसारखं. मग आई कांदा-खोबऱ्याचं वाटण चुलीवर परतायची, त्यात भरपूर लसूण, आणि कालवण उकळायला लागलं की शेजारच्या दोन-तीन बायका भांडी घेऊन सहज आल्यासारख्या येऊन बसायच्या. बाजरीची भाकरी, कालवण आणि वर कच्चा कांदा. मी नंतर बऱ्याच मोठ्या शहरांत बऱ्याच चांगल्या ठिकाणी मासे खाल्ले. असू दे.

दहावीनंतर मी बारामतीच्या कॉलेजात जायला लागले. एसटीचा पास होता, सकाळची गाडी साखरझोपेतल्या पोरींनी भरलेली असायची. कॉलेजच्या आवाराच्या टोकाला एक कलाभवन होतं. बाहेरून ते गोदामासारखंच दिसायचं. पहिल्या महिन्यात आम्हाला मराठी शिकवणाऱ्या भोईटे बाई वर्गात म्हणाल्या की ओळखपत्र दाखवलं की कलाभवनात बाल्कनीत फुकट बसता येतं, आणि जी मुलं वर्षभरात एकदाही येणार नाहीत त्यांच्याशी मी मार्चमध्ये बोलणार नाही. बाईंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. कलाभवनाचा सगळा कारभार त्याच बघत. मी घाबरून गेले. बाल्कनीत जाऊन बसायला लागले तर खुर्चीची बैठक आधीच वर उडालेली होती. ती खाली दाबून मग बसायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी खुर्चीच्या कडेवर तशीच टेकून पाऊण तास काढला आणि मला वाटलं, मोठ्या लोकांच्या खुर्च्या अशाच असतात. तिसरी घंटा झाली, दिवे हळूहळू मावळले आणि समोर पांढऱ्या पडद्यावर चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या नाचायला लागल्या. कोकणातून आलेले एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची सून. दोघंच. त्या दोघांनी पडद्यावर एक समुद्र उभा केला, त्यात एक होडी, होडीत भांडणारे दोन भाऊ. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी आम्हा मुलांना पडद्यामागं बोलावलं. मागं एक दिवा होता, एक सतरंजी होती आणि ताटात ठेवलेल्या बाहुल्या होत्या. एवढ्याशातून एवढं सगळं होतं, हे बघून मी एसटी चुकवली.

मग मी एकही कार्यक्रम सोडला नाही. कथक नाचणारी एक बाई आली, तिनं पायातल्या सगळ्या घुंगरांतून नुसत्या एका घुंगराचा आवाज काढून दाखवला. एकदा सभागृहातल्या खुर्च्या बाजूला करून तिथं काळ्या कापडाचा मोठा फुगा उभा केला होता. गुडघ्यावर रांगत आत शिरायचं आणि आत आकाश. यंत्र फिरलं की तारे सरकायचे आणि अंधारात कुणीतरी शेजारच्याचा हात घट्ट धरायचं. बाहेरच्या व्हरांड्यात चित्रं लावलेली असायची. त्यातलं एक नुसतंच तांबडं होतं, वरपासून खालपर्यंत. मी त्याच्यापुढं चार दिवस उभी राहिले आणि पाचव्या दिवशी ते मला आवडायला लागलं. का, ते आजही सांगता येत नाही.

जे बघितलं ते मी घरी येऊन सांगायची. संध्याकाळी जेवणाच्या वेळी सुरुवात व्हायची आणि ताटं वाळून जायची. होडीतल्या दोन भावांचं भांडण मी दोघांच्या आवाजात करून दाखवलं. कथक करताना पाटावर पाय आपटला म्हणून आई ओरडली, पण तिनं थांबवलं नाही. शेजारच्या बायका मग शनिवारबरोबर अधल्यामधल्या दिवशीही यायला लागल्या. आई विचारायची, नेसली काय होती. दादा एकच विचारायचे, दिवा कुठनं सोडला होता. मला सांगता यायचं नाही, मग पुढच्या वेळी मी दादांसाठी मुद्दाम दिवे बघून यायची. पुढं तीस वर्षं मी शाळेत मुलांना शिकवलं. लोक म्हणायचे, बाई, तुमचा वर्ग हलत नाही. ते शिकवणं मी बी.एड.ला शिकले नाही, ते त्या पडवीत शिकले.

ठकू आत्या मात्र ऐकताना पाठ करून बसायची. चल की एकदा, म्हटलं तर म्हणायची, अंधारात बसून दुसऱ्याचं ऐकायला मला कुठं सवड हाय. मग एकदा बाईंनी सांगितलं की शहरातून लोकगीतांचा एक संच येतोय, गावोगाव फिरून त्यांनी नदीकाठची गाणी गोळा केलीत, आणि या वेळी प्रत्येक विद्यार्थ्याला घरचं एक माणूस खाली सभागृहात आणता येईल. कार्यक्रम रविवारी दुपारी चारला होता. दादांची पाळी होती. आईला पाहुणे होते. राहिली आत्या. ती शनिवारची आलेलीच होती. मी तिला आग्रह केला, आणि ती कशी कोण जाणे, हो म्हणाली.

आता एक गोष्ट लिहायची आहे, ती लिहावी की नाही यावर मी दोन दिवस घालवले. रविवारी सकाळी मी आत्याला दोनदा आंघोळ करायला लावली. हाताला मासळीचा वास येतो म्हणून तिच्या बोटांना लिंबू चोळलं, आणि वर माझ्याजवळची पावडर लावली. ती हात पुढं करून बसली, जसं लहान मूल बसतं. नंतर आपलं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसली आणि म्हणाली, "आता येतोय का वास?" मी नाही म्हटलं. येत होता. अजून थोडा येत होता, आणि मी एसटीत खिडकीची जागा तिला दिली ती मायेनं दिली नव्हती.

सभागृह भरलेलं होतं. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, कारखान्याचे साहेब, त्यांच्या बायका. आम्ही चौदाव्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला बसलो. बैठक दाबून कशी बसायची हे मी आत्याला दाखवलं, तिनं एका झटक्यात केलं. पडदा वर गेला. पेटी, ढोलकी, चार गाणारे. त्यांचे मुख्य गायक पन्नाशीचे, गोरे, रेशमी झब्बा घातलेले. त्यांचं नाव मी इथं देत नाही. माणूस मनानं चांगला होता, हे पुढं दिसेलच. ते प्रत्येक गाण्याआधी थोडं बोलायचे. दळणाची गाणी झाली, नावेची झाली. मग ते म्हणाले की आता जे गाणं ऐकवतो ते भीमेच्या काठचं आहे. ते कुणी रचलं ते ठाऊक नाही. अशा गाण्यांना कर्ता नसतो, ती लोकांच्या ओठांवर आपोआप उगवतात. आणि त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली.

"मासोळी बाई गं, हळू माझ्या घरी ये,
देवडीत दिवा होता, तिथं जरा थांबून घे."

माझ्या अंगावर काटा आला. आमच्या धुण्याच्या दगडावरचं गाणं तिथं, त्या उजेडात, पेटीवर. मला इतका आनंद झाला की मी आत्याचा हात दाबला. तो हात थंड होता. त्यांनी दुसरं कडवं म्हटलं.

"मासोळी बाई गं, चुलीपाशी जाऊ नको,
राख माझी निजलेली, शेपटीनं हलवू नको."

तिसरं जात्याचं कडवं झालं, टाळ्या सुरू झाल्या, आणि आत्या माझ्या कानाशी येऊन अगदी साध्या आवाजात म्हणाली, "सुमे, हे माझं हाय." मला वाटलं, तिला म्हणायचंय की हे आपल्याकडचं आहे. मी म्हटलं, "व्हय आत्या, आपल्याकडचंच हाय." ती म्हणाली, "आपल्याकडचं न्हाय. माझं. मी केलंय." आणि उभी राहिली.

मी तिचा पदर धरला. हे मी केलं, तेही लिहिते. मला दिसत होतं ते एवढंच की आजूबाजूच्या माना वळतायत आणि उद्या मला याच कॉलेजात यायचंय. तिनं पदर हळूच सोडवून घेतला. बाजार भरलेला असताना पार पलीकडच्या गिऱ्हाईकाला पोचेल अशा तिच्या आवाजात ती म्हणाली, "जरा थांबा. ह्या गाण्याला धनी हाय."

टाळ्या थांबल्या. दाराशी उभा असलेला माणूस पुढं यायला लागला, भोईटे बाईंनी त्याला हातानंच अडवलं आणि स्वतः वाटेत येऊन उभ्या राहिल्या. गायकांनी हात जोडले. गोड हसून म्हणाले की आजी, बरोबर आहे, तुम्ही सगळ्यांनीच हे गायलंय, म्हणून ते प्रत्येकीला आपलं वाटतं, हाच तर लोकगीताचा मोठेपणा. लोक हसले, चांगुलपणानं हसले. आत्या त्या वेळी पन्नाशीचीसुद्धा नव्हती. ती म्हणाली, "देवडी म्हनलात तुमी. देवडी वाड्याला असती. आमचं घर दोन खणाचं, त्याला देवडी मी कुठनं आणू? ती दिवळी हाय. भिंतीतला कोनाडा. त्यात दिवा ठिवत व्हते मी." आता जे हसू उठलं ते वेगळं होतं. गायकांनी समोरची वही उघडून बघितली आणि त्यांचा चेहरा बदलला. तरी ते म्हणाले, शब्द माझ्याकडून चुकला असेल, पण शब्द सुधारल्यानं गाणं तुमचं आहे असं ठरत नाही.

आत्या म्हणाली, "तुमच्याकडं कडवी किती?"

ते म्हणाले, "तीनच आहेत. आम्ही पाच गावांत ऐकलं, सगळीकडं तीन."

"पाच हाईत," आत्या म्हणाली. "दोन मी कुणाला दिली न्हाईत."

मी तिच्याकडं वर बघत राहिले. लहानपणापासून मी ते गाणं ऐकत होते आणि मलाही तीनच ठाऊक होती. तिनं डोळे मिटले नाहीत. रंगमंचाकडंही बघितलं नाही. समोरच्या रांगेतल्या कुणाच्या तरी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि चौदाव्या रांगेतून, माइकशिवाय, चौथं कडवं म्हटलं.

"मासोळी बाई गं, परसात लिंब हाय,
मुळाशी लेकरू माझं, तिथनं लांब जायाचं न्हाय."

आत्याला मूल नव्हतं. म्हणजे आम्हाला तसंच ठाऊक होतं. सभागृहात पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. ढोलकीवाल्यानं हात मांडीवर ठेवले. मला माझे स्वतःचे हात कुठं ठेवावेत कळेना, आणि सकाळी मी ज्या बोटांना लिंबू चोळलं होतं ती बोटं माझ्या तोंडासमोर त्या खुर्चीच्या पाठीवर होती. मग तिनं पाचवं म्हटलं.

"मासोळी बाई गं, घर आता तुझं झालं,
कुणी पुसलं तर सांग, ठकूबाईनं हे दिलं."

मग गायकांनी विचारलं, आणि आता त्यांच्या आवाजात गोडवा नव्हता, नुसती विचारणा होती, "ठकूबाई कोण?"

"मी," आत्या म्हणाली.

ते गृहस्थ माइक सोडून पायऱ्या उतरून खाली आले. चौदाव्या रांगेपर्यंत चालत आले. रेशमी झब्ब्यातला तो माणूस आत्यापुढं वाकला आणि तिनं संकोचून पाय मागं घेतले. मग ते वळून सगळ्यांना म्हणाले की मी दहा मिनिटांपूर्वी या गाण्याला कर्ता नाही असं सांगितलं, ते चुकलं. तो शब्द मी मागं घेतो. हे गीत ठकूबाईंचं आहे. त्यांनी तिला विचारलं की आम्ही हे पुन्हा गाऊ का, तुमची परवानगी असेल तर, आणि तुम्ही पुढं व्हाल का. आत्यानं माझ्याकडं बघितलं. मी उठून तिला वाट करून दिली. ती वर गेली, पेटीवाल्यानं तिचा सूर शोधला, तो त्याच्या सुरापेक्षा बराच वरचा निघाला, आणि तिनं तीन कडवी म्हटली. चौथं आणि पाचवं पुन्हा म्हटलं नाही. ते तिथं कुणी मागितलंही नाही. शेवटी सगळं सभागृह उभं राहिलं. आमच्या पुढच्या रांगेतली, मघाशी मान वळवून बघणारी एक बाई मागं वळून मला म्हणाली, "तुझ्या कोण गं ह्या?" मी म्हटलं, माझी आत्या. आयुष्यात मी बऱ्याच गोष्टी अभिमानानं सांगितल्या असतील, पण ते दोन शब्द मी ज्या आवाजात म्हटले तो आवाज मला पुन्हा लागला नाही.

घरी आल्यावर मी सांगायला बसले आणि पहिल्यांदाच मला सांगता येईना. चौथ्या कडव्याशी येऊन थांबले. दादा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, राजा नाव होतं त्याचं. दीड वर्षाचा होता. तापानं गेला. गाव उठायच्या आदल्या वर्षी. मग ते उठून बाहेर गेले. आत्या पडवीत बसली होती, तिच्या शेजारी जाऊन बसले. आई आत चहा करत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. चहा घेऊन ती बाहेर गेली तेव्हा आत्या दादांना म्हणत होती, "बाळू, दिवे लई झ्याक व्हते तितं. तू बघाया पायजेस."

गायकांनी शब्द पाळला. त्या संचाच्या पुढच्या कॅसेटवर गाण्याखाली तिचं नाव छापून आलं. नाव नीट आहे ना ते तिनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. पण खरं पुढं घडलं ते भोईटे बाईंमुळं. त्यांनी ठरवलं की पुढच्या थंडीत कलाभवनात ठकूबाईंचा स्वतःचा कार्यक्रम करायचा. तिनं केलेली आणखी अकरा गाणी निघाली. ती सगळी तिच्या डोक्यात होती, मी ती दर शनिवारी मासे साफ करताना लिहून घेतली. माझ्या त्या वहीच्या पानांवर अजून खवले चिकटलेले आहेत. बाईंनी बुडालेल्या गावातल्या माणसांना निमंत्रणं धाडली, तिन्ही वसाहतींत. दादांनी रजा काढून दिव्यांचं काम बघितलं. कलाभवनाच्या वायरमनला त्यांनी दिवसभर हलू दिलं नाही, आणि संध्याकाळी तो माणूस दादांना उस्ताद म्हणायला लागला.

त्या दिवशी मी दाराशी स्वयंसेवक होते, छातीला बिल्ला लावून. लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून, एसटीनं, सायकलींवर आले. बारा-बारा वर्षं न भेटलेली माणसं व्हरांड्यात एकमेकांना ओळखत होती, गळ्यात पडत होती, कोण गेलं कोण राहिलं विचारत होती. तिकिटांवर खुर्चीचे नंबर होते, पण ते कुणी वाचेना. मी थोडा वेळ नंबर दाखवत फिरले आणि मग सोडून दिलं. सगळे बसल्यावर मी आत रंगमंचाच्या कडेला गेले, तर आत्या पडद्याच्या फटीतून सभागृह बघत होती. तिनं मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "बघ. आख्खं गाव बसलंय." मी बघितलं, मला नुसती माणसं दिसली. मग तिनं बोट दाखवत सांगितलं. पुढं पाटलांची आळी. त्यांच्यामागं माळ्यांची. उजवीकडं सुतार, कुंभार. जो तो आपल्या जुन्या शेजाऱ्याच्या शेजारी बसला होता, न ठरवता, जशी गावात घरं होती तशी. मग एक रांग आख्खी मोकळी. आणि त्या मोकळ्या रांगेच्या मागं, दाराकडच्या अंगाला, आमची बौद्धांची वस्ती, गावात होती तशीच सगळ्यांपासून लांब.

मी आत्याच्या तोंडाकडं बघितलं. तिला ते माझ्या आधी दिसलं होतं. तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला, दादांनी सोडलेला उजेड तिच्या लुगड्यावर पडला, आणि दिवा कुठनं येतोय ते कुणालाच कळलं नाही. टाळ्या झाल्या. पेटीवाल्यानं सूर धरला. आत्यानं हात वर करून त्याला थांबवलं.

"आधी एक सांगते," ती माइकमध्ये म्हणाली. "मधी एक रांग मोकळी हाय. गाव पाण्यात गेलं, आळ्या गेल्या, हद्दी गेल्या. ही रांग तेवढी कोरडी कशी ऱ्हायली? ती भरल्याबिगर मी तोंड उघडायची न्हाय."

ती रागानं बोलली नव्हती. भाव सांगावा तशी बोलली होती, एकदा सांगायचा आणि गप्प बसायचं. सभागृहात कुणी हललं नाही. मागं आमच्या वस्तीतली माणसं खाली बघत होती, पुढची माणसं पुढं. मला वाटलं, सगळं संपलं. पडद्याआड भोईटे बाईंनी माझा दंड धरला होता आणि त्यांची नखं मला रुतत होती. मग पाचव्या रांगेतून रंगनाथ तात्या उठले. माळी आळीतले, ऐंशीला टेकलेले, हातात काठी. त्यांचा मुलगा त्यांना धरायला उठला, त्यांनी त्याला बसवलं. काठी टेकत टेकत ते मधल्या वाटेनं मागं चालत गेले. खाली गालिचा होता म्हणून काठीचा आवाज येत नव्हता. मोकळ्या रांगेत शिरले, बरोबर मधोमध गेले, बैठक दाबून बसले, आणि मागं वळून आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या किसनरावांना म्हणाले, "किसनराव, या की म्होरं. हितनं चांगलं दिसतंय."

किसनराव उठले. त्यांच्यामागं त्यांची सून, नातवंडं. पुढच्या रांगांतून पाटलांची थोरली सून उठून मागं आली, तिच्याबरोबर आणखी दोघीतिघी. खुर्च्यांच्या बैठकी खाली पडण्याचा खडखडाट एका टोकापासून सुरू झाला आणि दुसऱ्या टोकाला जाऊन थांबला. रांग भरली. आत्यानं ती डावीकडून उजवीकडं एकदा नीट बघितली, एकेक खुर्ची. मग पेटीवाल्याकडं मान हलवली आणि पहिलं कडवं धरलं.